लातूरची गंजगोलाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला कुणाच्या पोराला अकरावीला टाकायचं असलं, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, कुणाला वर्षाची डाळ भरायची असली की मला फोन येतो, आणि प्रश्न दरवेळी तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. माझं माहेर औसा तालुक्यातलं, सासर लातूरचं, आणि गेली पंचवीस वर्षं आमच्या घरात सुईपासून सोन्यापर्यंत जे काही आलं ते बहुतेक गोलाईतून, म्हणजे गावाच्या मधल्या या गोल बाजारातूनच आलं, त्यामुळं जे सांगतेय ते चालून बघितलेलं आहे.

लातूरमध्ये मॉल आहे का हो?

औसा रोडला, अंबाजोगाई रोडला, पीव्हीआर चौकाकडं एसी शोरूम झाल्यात, ब्रँडचे कपडे, मोबाईल, किराण्याचे मोठे मार्ट सगळं मिळतं. पण लातूरात कुणाला "बाजारात जाऊलालो" म्हणताना ऐकलं तर तो माणूस गोलाईला चाललाय असं समजायचं. माझ्या मते आमचा खरा मॉल तोच, आणि तो १९१७ पासून आहे. मुंबईत ताडदेवचं क्रॉसरोड्स १९९९ ला उघडलं, दिल्लीचं कॅनॉट प्लेस, ते पण गोलच, ते १९३३ ला पूर्ण झालं, आणि अमेरिकेतला पूर्ण बंदिस्त असा पहिला मॉल साउथडेल तो १९५६ चा. आमची गोलाई या सगळ्यांच्या आधीची, आणि ती पण निजामाच्या राज्यातल्या एका तालुक्याच्या गावी. हे मी दरवेळी सांगते आणि लोकांना दरवेळी नवल वाटतं.

मॉल बांधणारे काय करतात, एक असं मोठं दुकान ठेवतात ज्याच्यासाठी माणूस येणारच, आणि मग त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर बाकीची दुकानं मांडतात. गोलाईत त्या जागी अंबाबाईचं देऊळ आहे. बाई देवीला येते, दर्शन घेते, बाहेर पडली की समोर बांगड्या, साड्या, हळदकुंकू, आणि घरी जाईपर्यंत पिशवी भरलेली असते.

गंजगोलाई म्हणजे काय, असं नाव का?

गंज म्हणजे बाजारपेठ, मुख्यतः धान्याची. निजामाच्या मुलखात हा शब्द बऱ्याच गावांत सापडेल. आणि गोलाई म्हणजे गोल आकार, बास. दोन मजली गोल इमारत, तिच्या मधोमध देऊळ, तिच्या भोवतीनं गोल रस्ता, आणि त्या रस्त्याला येऊन मिळणारे चहूबाजूचे रस्ते. बैलगाडीचं चाक डोळ्यापुढं आणा. तुंबा म्हणजे देऊळ आणि आरे म्हणजे रस्ते. लातूरचे लोक मात्र पूर्ण नाव कधीच घेत नाहीत, नुसतं "गोलाई". ऑटोवाल्या मामाला "गंजगोलाई" म्हणालात की त्याला लगेच कळतं की तुम्ही बाहेरचे.

कुणी बांधली?

आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा. मुख्य दोन मजली इमारत उभी राहिली १९१७ मध्ये. तेव्हा लातूर हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि गादीवर होते मीर उस्मान अली खान. लातूर स्वतः जिल्हा झालं ते पार १६ ऑगस्ट १९८२ ला.

आता तेव्हाच का बांधली याचा मी जो विचार केलाय तो सांगते. बार्शी लाईट रेल्वे, म्हणजे ती अडीच फुटी छोटी गाडी, लातूरपर्यंत आली १९११ ला. गाडी आली की माल बाहेर जायला वाट झाली, तूर, कापूस, ज्वारी, गूळ सगळं आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्यांनी इथं यायला लागलं असणार, आणि एवढ्या गाड्या एका सरळ रस्त्यावर आल्या तर कोंडीच होणार. गोल केलं की कुठल्याही गावाकडून या, मध्यापर्यंत पोचता येतं आणि वळून दुसऱ्या वाटेनं बाहेर पडता येतं. रेल्वे १९११ आणि गोलाई १९१७, हे मला तरी उगीच जवळजवळ आल्यासारखं वाटत नाही. फैयाजुद्दीन यांच्याबद्दल लातूरच्या पोरांना शाळेत एक धडा तरी पाहिजे होता असं मला मनापासून वाटतं. शंभर वर्षं रोज हजारो लोक ज्या माणसाच्या डोक्यातल्या नकाशावर चालतात त्याचं नाव लातूरात दहातल्या एकाला पण सांगता येत नाही.

खरंच सोळा रस्ते आहेत? हरवायला होतं म्हणतात.

हो, सोळा. आणि हो, होतं हरवायला. गोल रस्त्याची गंमत अशी की सरळ चालतोय असं वाटतं आणि दहा मिनिटांनी परत त्याच बांगडीवाल्यापुढं उभे असतो. बाहेरगावच्या माणसाला सगळ्या गल्ल्यांची तोंडं सारखीच वाटतात.

मी आठ-नऊ वर्षांची असताना पोळ्याच्या बाजाराला आबांबरोबर आले होते, बैलांचे गोंडे, घुंगरं, रंग घ्यायला, आणि गर्दीत आबांचा हात सुटला. पण आबांनी बसमधनं उतरतानाच सांगून ठेवलेलं, "हरवलीस तर कुठं फिरू नको, देवीच्या दारात येऊन हुबी राहा." मी रडत रडत कुणाला तरी विचारून देवळापाशी गेले आणि थोड्या वेळानं आबा आले, घामाघूम झालेले, मला काही बोलले नाहीत, नुसती भजी घेऊन दिली. आज माझी पोरं मोबाईल घेऊन फिरतात तरी मी त्यांना तेच सांगते, देवीच्या दारात या. गर्दीत फोनवर "मी कुठंय" हे सांगताच येत नाही, आजूबाजूला सगळीकडं साड्याच लटकलेल्या असतात.

एक सोपी युक्ती म्हणजे ज्या रस्त्यानं गोलाईत शिरलात त्याच्या तोंडावरचं दुकान फोटो काढून ठेवा. आणि मेन रोड लक्षात ठेवा, गांधी चौकाकडून हनुमान चौकातून जो येतो तो. तो सापडला की गावात परत जायची वाट सापडली.

कुठल्या रस्त्याला काय मिळतं?

एका धंद्याची दुकानं एका ओळीत, ही इथली मूळ मांडणी. म्हणून इथं रस्ता किंवा गल्ली कमी म्हणतात, "लाइन" म्हणतात. कापड लाइन, भुसार लाइन, सराफ लाइन. गुळाचा बाजार वेगळा, मिरचीची दुकानं वेगळी, चपला-वहाणांची वेगळी, भांड्यांची वेगळी. आता पूर्वीसारखं काटेकोर राहिलेलं नाही, कापडाच्या ओळीत मोबाईल कव्हर घुसलंय आणि भांड्यांच्या शेजारी चायनीजची गाडी, तरी पण मूळ वीण अजून दिसते.

याचा फायदा काय ते बाहेरच्यांना लवकर कळत नाही. ओळीत दहा दुकानं सारख्याच मालाची असली की दुकानदाराला भाव फार चढवता येत नाही, कारण तुम्ही दोन पावलं टाकली की शेजारी आहातच. त्याच्याकडं एखादी गोष्ट नसेल तर तो पोराला पाठवून शेजारून आणून दाखवतो. सगळे एकमेकांना तीन पिढ्या ओळखतात.

लग्नाचा बस्ता काढायचाय, गोलाईतच काढावा का?

माझं उत्तर हो, आणि याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त फोन याच्यासाठीच येतात.

पुण्यामुंबईच्या पोरींना बस्ता माहीत नसतो, त्यांना वाटतं साडी घ्यायची म्हणजे नवरीची घ्यायची. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या घरांचं सगळं कापड एका बैठकीत काढायचं. नवरीचा शालू, हळदीची साडी, साखरपुड्याची, नवरदेवाचे कपडे, करवल्यांचं, मग दोन्हीकडच्या मानाच्या साड्या, मावश्या, आत्या, माम्या, चुलत्या, परत आहेराचे ब्लाऊज पीस, टोपी-टॉवेल, फेटे, उपरणी. यादी घरूनच करून आणायची आणि ती यादी एकाच माणसाच्या हातात ठेवायची, शक्यतो अशा आत्याच्या जी कुणाचं ऐकत नाही.

दुकानात गादी असते पांढरी, तिच्यावर सगळे बसतात, वीस-पंचवीस माणसं आरामात, आणि समोर थान उलगडत जातात. चहा येतो, पाणी येतं, मोठा बस्ता असेल तर जेवणाची पण सोय दुकानदार करतो. सकाळी बसलेलं वऱ्हाड संध्याकाळी उठतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या बस्त्याला नवरदेवाच्या आजीला एकही मानाची साडी पसंत पडेना, चाळीसेक साड्या उलगडल्या, आमच्या आईचा चेहरा उतरला, तेव्हा दुकानातले म्हातारे आप्पा गल्ल्यावरून उठले, आजीशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आई, तुमच्या लग्नात कुठल्या रंगाचं नेसला होता?" आजी म्हणाली हिरवं. आप्पांनी आतून एक हिरवी इरकल मागवली आणि तिथंच मिटलं. हे काम ऑनलाइनवाल्याला जमणार नाही आणि शोरूममधल्या महिन्याच्या पगारावरच्या पोरीला पण जमणार नाही, तिचा काही दोष नाही, तिला तेवढा वेळच देत नाहीत.

कामाच्या गोष्टी:

मंगळवार-बुधवार असा आडवार बघा, रविवारी बस्त्याला येऊ नका. तिथी दाट असलेल्या महिन्यात तर सकाळी दुकान उघडतानाच या. बजेट सुरुवातीलाच आणि खरं सांगा, दुकानदार त्या हिशोबानंच माल काढतो, लपवून ठेवलं तर उगीच महागाचं बघून डोळे फिरतात आणि मग साधं काहीच आवडत नाही. नवरीला बोलायला जागा द्या, पंचवीस माणसांत तिचाच आवाज ऐकू येत नाही हे मी लै वेळा बघितलंय. आणि घासाघीस एकेका साडीवर करू नका, शेवटी एकूण बिलावर करा, तिथं चांगली सूट निघते. फॉल-बिडिंग, ब्लाऊज शिवणं याची तारीख बिलावरच लिहून घ्या.

सोनं घ्यायचं तर काय बघायचं?

सराफ लाइनला पिढ्यान्‌पिढ्याचे सराफ आहेत आणि आपल्याकडं सराफ हा घरातल्यासारखाच असतो, पण विश्वास वेगळा आणि खात्री वेगळी. दागिन्यावर तीन खुणा बघायच्या: बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, त्रिकोणी शिक्का, शुद्धता म्हणजे २२ कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या नंबरशिवाय विकायचा नाही असा नियम आहे. बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, त्यात नंबर टाकला की दागिना कुठला, किती शुद्ध ते दिसतं. दुकानातच बसून टाका, लाज वाटून घेऊ नका, चांगला सराफ स्वतःच भिंग आणून देतो.

घडणावळ आधी विचारा, कारण सोन्याचा भाव सगळीकडं जवळपास एकच असतो, फरक पडतो तो घडणावळीत. वर ३ टक्के जीएसटी. जुनं मोडून नवं घेताना तूट किती धरली ते कागदावर मागा. आणि आईची, आजीची बोरमाळ, पुतळ्या, सरी असलं काही मोडायच्या आधी एक रात्र थांबा एवढंच सांगीन. मी एकदा थांबले नाही.

डाळ, मिरची, गूळ भरायला केव्हा यावं?

तूर डाळ तर लातूरचीच, इथं डाळ मिल चिकार आहेत, देशभर इथून डाळ जाते. नवी तूर साधारण जानेवारीपासून बाजारात येते, त्याच्यानंतर एक-दीड महिन्यानं नवी डाळ दुकानांत दिसते, वर्षाचं भरायचं तर तेव्हा. दुकानात "फटका" म्हटलं की चांगली निवडलेली डाळ दाखवतात. फार चकाकणारी डाळ घेऊ नका, ती पॉलिशची असते, शिजायला आणि चवीला साधीच बरी. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूर डाळीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वेळी पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला पण. तिन्ही आपल्या जिल्ह्यातल्या. पण नाव सांगून दुसरंच विकणारे असतात, म्हणून ओळखीच्या दुकानातून किंवा थेट शेतकऱ्याकडूनच घ्या.

मिरची फेब्रुवारी ते एप्रिल. रंगाला ब्याडगी, तिखटाला गुंटूर नाहीतर तेजा, प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक घराला वाटतं आपलंच बरोबर. मिरची हातात घेऊन वाजवून बघा, खुळखुळ वाजली की वाळलेली आहे, मऊ लागली तर ओल आहे आणि वजनाला मार बसतो. काळं तिखट, येसर करायचा असेल तर धने, खोबरं, दगडफूल, तेजपान सगळं जवळजवळच मिळतं, घरी भाजायचं आणि डंकावर कुटून आणायचं.

गूळ गडद रंगाचा घ्या. पिवळाधमक, स्वच्छ दिसणारा गूळ बघून बाहेरची माणसं भुलतात, पण तो रंग बऱ्याचदा पावडर टाकून आणलेला असतो. ढेप फोडून आतला खडा तोंडात टाकायला मागा, कुणी नाही म्हणत नाही.

सुटं घेताना काट्याकडं लक्ष ठेवा, काटा शून्यावर आहे का ते माल ठेवायच्या आधी बघा. आणि कापडी पिशव्या घरूनच आणा, राज्यात प्लास्टिक बंदी २०१८ पासून आहे.

भाव करावा लागतो का? मला जमत नाही.

कापड, चप्पल, बांगड्या, भांडी इथं करावा. किराणा, डाळ इथं फार होत नाही, किलोमागं एखाद-दोन रुपये. छापील किंमतीचा पाकीटबंद माल असेल तर छापलेल्यापेक्षा जास्त कुणी मागूच शकत नाही, "कूलिंगचे दोन रुपये" वगैरे काही नसतं.

भाव करायची पण एक रीत आहे. अर्ध्याच्या खाली मागून दुकानदाराचा अपमान करायचा नाही. सकाळी बोहणीच्या वेळी घ्यायचं नसेल तर उगीच उलगडायला लावायचं नाही, बोहणीला गिऱ्हाईक रिकामं गेलं की त्या माणसाचा दिवस जड जातो, निदान त्याला तसं वाटतं. आणि रस्त्यावर लिंबू-कोथिंबीर घेऊन बसलेल्या मावशीशी पाच रुपयांसाठी भाव करू नका. ती सकाळी पहिल्या एसटीनं आलेली असते.

माल खराब निघाला तर परत घेतात का?

ओळखीचं दुकान असेल तर घेतात, बदलून तरी देतात. पण मला एकदा वाईट अनुभव आला. भाचीच्या बारशाला साडी घेतली, घरी येऊन उघडली तर पदराजवळ वीतभर विरलेली. दुसऱ्या दिवशी नेली तर बिलावर बोट ठेवून दाखवलं, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." मी गप्प परत आले. नंतर कळलं की गप्प बसायला नको होतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं पण त्यातच येतं. म्हणून बिल घ्याच, साधं कच्चं असलं तरी दुकानाचं नाव आणि तारीख असलेलं. दुकानात आधी नीट बोला, बहुतेक वेळा तिथंच मिटतं. नाहीच मिटलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. फक्त एक लक्षात ठेवा, हे सदोष मालासाठी. घरी नेल्यावर रंग आवडला नाही, सासूबाई नाही म्हणाल्या, याला कायद्याचा आधार नाही, तिथं दुकानदाराचा चांगुलपणाच.

गाडी कुठं लावायची?

चारचाकी घेऊन गोलाईत शिरू नका. एवढं एकच ऐका माझं. बैलगाड्यांच्या काळातले रस्ते, दोन्ही बाजूंनी दुकानांचा माल बाहेर आलेला, मधून हातगाडे, टमटम, आणि त्यात तुमची मोठी गाडी अडकली की मागं पण जाता येत नाही. गाडी लांबच मोकळ्या जागी लावा आणि ऑटोनं नाहीतर पायी या. दुचाकीनं पण सणाच्या दिवसांत त्रासच होतो. बसस्टँडवरून शेअर ऑटो सारख्या असतात.

म्हाताऱ्या माणसांना आणायचं असेल तर सकाळी दुकानं उघडता उघडता आणा, दहा-साडेदहाला, तेव्हा रस्ता मोकळा असतो आणि दुकानदाराला पण बोलायला वेळ असतो.

कुठल्या दिवशी येऊ नये?

वेळ अमावास्येला. आम्ही येळवस म्हणतो. मार्गशीर्ष संपताना येणारी ही अमावास्या लातूर, धाराशिवकडं दिवाळीएवढी मोठी असते, त्या दिवशी अख्खं गाव शेतात, कडब्याची कोप करून पांडवांची पूजा, भज्जी म्हणजे शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भाजी, आंबील, उंडे. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. शहरात रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि गोलाई अशी शांत की देवळातली घंटा पार लाइनच्या टोकापर्यंत ऐकू येते.

त्याच्या आदल्या दिवशी मात्र मुद्दाम या. भज्जीला लागणाऱ्या सगळ्या भाज्या, तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याची भाजी, चिंच, कांद्याची पात यांचे ढीग, आणि आंबिलाची मातीची बिंदगी घ्यायला बायकांची झुंबड. मला वर्षातला हा बाजार सगळ्यात आवडतो. दिवाळीला लोक कपडे, फटाके घेतात ते कुठंही मिळतं, ही भाजी आणि ही गडबड फक्त आपल्याकडं.

नवरात्रात दर्शनाची गर्दी असते, पहाटे या. दिवाळीच्या आधीचा रविवार टाळा. महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा असते, तेव्हा गावात पाव्हणेरावळे भरपूर.

पोराला ट्यूशनला ठेवतोय, सामान तिथं मिळेल का?

मिळेल, गावाकडून गादी वाहून आणू नका. जूनमध्ये तर बाजार या पोरांचाच असतो, लातूर पॅटर्नमुळं, म्हणजे इथल्या परीक्षेच्या तयारीच्या नावामुळं, महाराष्ट्रातल्या कुठल्या कुठल्या जिल्ह्यातली पोरं येतात. गादी, उशी, बादली, मग, दोरी, कुलूप, टेबल लॅम्प, स्टीलचा डबा, सगळं एका फेरीत होतं. कुलूप चांगलं घ्या.

आणि आईवडिलांना एक सांगते, सामान घेऊन झालं की पोराला घेऊन एक चक्कर नुसतीच मारा. उद्योग भवनच्या त्या ट्यूशन एरियात पोरगं दोन वर्षं राहतं, खोली, क्लास, मेस, टेस्टचे मार्क, आणि लातूर म्हणजे एवढंच असं समजून परत जातं. त्याला सांगा की कंटाळा आला, घरची आठवण आली तर इथं ये, देवीच्या पायरीवर बस थोडा वेळ. माणसांचा आवाज ऐकला की बरं वाटतं.

भूकंपात गोलाईला काही झालं होतं का?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला थोडं कमी असताना. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी आणि आजूबाजूची गावं गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या माहेरच्या गावात पण घरं पडली, त्याच्याबद्दल मला इथं लिहायचं नाही. गोलाई तेव्हा ७६ वर्षांची होती आणि ती आजही उभी आहे. माझे आबा त्यानंतर पहिल्यांदा बाजारला आले ते काही घ्यायला नाही, नुसती इमारत बघायला, असं आई सांगते.

तिथं खायला काय मिळतं?

भजी, चहा, सकाळी सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, वडापाव, उसाचा रस. मोठं हॉटेल शोधू नका. चहा उभ्यानंच प्या.

फेरीवाल्यांना हटवलं तर गोलाई मोकळी होईल ना?

रस्ता मोकळा होईल हे खरं. पण गोलाई म्हणजे फक्त पक्की दुकानं नव्हेत. झाडू, रांगोळी, मातीच्या पणत्या, बाभळीचा डिंक, केरसुण्या, येळवशीची बिंदगी हे कुठल्या गाळ्यात मिळतं सांगा बरं? हे रस्त्यावरच मिळतं आणि विकणारी माणसं बहुतेक खेड्यातली, बहुतेक बायका. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात नगर विक्रेता समिती, सर्वेक्षण, ठरवून दिलेल्या जागा असं सगळं लिहिलंय. ते नीट केलं, पट्टे आखले, गाड्यांना ठरावीक वेळी बंदी घातली तर दोघांची पण सोय होईल. मला जास्त खटकतं ते वेगळंच आहे. इमारतीवर एवढे बोर्ड, फ्लेक्स आणि वायरी लटकल्यात की खालून गोलाई गोल आहे हेच दिसत नाही. शंभर वर्षांची इमारत आहे ती, तिचं तोंड तरी दिसू द्या. दुकानाचं नाव सगळ्यांनी एका मापात, एका रांगेत लावलं तर कुणाचा धंदा कमी होणार आहे? गिऱ्हाईक बोर्ड बघून येतच नाही इथं, आजोबा कुठल्या दुकानात जायचे ते बघून येतं.

ऑनलाइन सगळं घरपोच मिळतं, मग गोलाई किती दिवस चालणार?

हा प्रश्न मला पुण्याचा भाचा विचारतो. धंदा कमी झालाय, खोटं कशाला बोलू. मोबाईल ॲक्सेसरी, चपला, पोरांचे कपडे यांना मार बसलाय, दुकानदारांची पोरं पुण्याला आयटीत गेलीत आणि म्हातारे एकटेच गल्ल्यावर बसतात. पण इथला बाजार शेतकऱ्याच्या खिशावर चालतो हे पण लक्षात घ्या. सोयाबीन, तुरीला भाव मिळाला की पंधरा दिवसांत कापड लाइनला पाय ठेवायला जागा नसते. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी दुकानदार नुसते माशा मारत बसले होते, लग्नं पुढं ढकललेली, कोण घेणार? नंतर पाऊस झाला आणि बाजार परत भरला. शेत पिकत राहिलं तर गोलाई चालत राहील, माझा तरी तसाच हिशोब आहे.

आम्ही पुण्याला असतो, येताना तुमच्यासाठी काय आणू?

काही नको. जाताना तुम्हीच घेऊन जा, पाच किलो डाळ, एक ढेप गूळ, आणि चिंच. पिशवी मोठी आणा, आणि फोन नाही लागला तर मी देवीच्या दारात थांबते.